मला दमायचंय

गटातल्या सगळ्यांची ताकद सारखी नसेल तर कार्यक्रम सोपा ठेवावा, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. सगळ्यांना जमेल तेच करायचं. म्हणजे कुणी मागे पडत नाही, कुणाला ओशाळं वाटत नाही. हे मत मला सह्याद्रीनं दिलं. डोंगरात सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवतात आणि बाकीचे त्याच्या पावलानं चालतात. नियम उत्तम आहे, मी तो आजही पाळते. पण मी तो चालीपुरता ठेवला नव्हता. कुठे जायचं, काय करायचं, किती घाम गाळायचा, हे सगळंच मी गटातल्या सगळ्यात कमी ताकदीच्या माणसाकडे बघून ठरवत आले. ऑफिसची मंडळी, भाचरं, सासरची माणसं अशा कितीजणांना घेऊन गेले, त्यात त्याचा फायदाही झाला. कुणाला दुखापत झाली नाही, कुणी रुसून परतलं नाही. त्यामुळे हे मत तपासून बघायची गरज कधी पडली नव्हती.

ती पडली शाळेपासूनच्या मैत्रिणीच्या लग्नाच्या निमित्तानं.

लग्न माघातलं. पौषात मुहूर्त नसतात, म्हणून तो महिना आमच्या हातात होता. हल्ली लग्नाआधी मैत्रिणी मिळून जी सहल काढतात, ती बॅचलरेट करायची असं ठरलं आणि आखणी माझ्याकडे आली. नवरी सायकलवेडी. गोव्यातला क्लब नको, अंगावर सॅटिनचा पट्टा नको, डोक्यावर मुकुट नको, हे तिनं आधीच बजावलं होतं. ‘‘केळवणाला जाईन तिथे मला पाटावर बसवून खाऊ घालतायत. एक दिवस असा आख, की रात्री अंग ठणकलं पाहिजे,’’ एवढीच तिची मागणी होती.

आम्ही आठ जणी. त्यात नवरीची मावशी, साठी उलटलेली, एका गुडघ्याची वाटी बदललेली. नवरीच्या कॉलेजातली एक मैत्रीण लहानपणापासून दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावते. ऑफिसातल्या एकीला दमा आहे. शाळेतली एक पाण्याला प्रचंड घाबरते. आणि माझ्या बाकावरची मैत्रीण. तिला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला; पल्स पोलिओची मोहीम १९९५ साली सुरू झाली, त्याच्या काही वर्षं आधीची गोष्ट. डाव्या पायाला मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंतच्या कुबड्या. शाळेत आम्ही दहावीपर्यंत एका बाकावर बसलो, म्हणून इथेही तिला बाकमैत्रीणच म्हणते.

माझा पहिला आराखडा माझ्या मताला धरून होता. मुळशीकडचं एक रिसॉर्ट, पोहण्याचा तलाव, सकाळी योगासनं, दुपारी मेंदी, रात्री गाणी. ज्यांना हवं त्यांच्यासाठी पहाटे शेजारच्या टेकडीवर फेरी. नवरीचा घाम तिथे निघेल, बाकीच्या आरामात राहतील. ग्रुपवर टाकला आणि सगळ्यांनी होकाराचे अंगठे टाकले. संध्याकाळी बाकमैत्रिणीचा फोन आला.

‘‘छान आहे गं. पण मी काय करायचं?’’

‘‘तू आराम कर ना. बाग आहे, तलाव आहे.’’

‘‘आराम मी घरी करते. मला दमायचंय.’’

यात राग नव्हता. मागणी होती, नवरीनं केली होती अगदी तीच. नवरीची मागणी ऐकून मी लगेच कागद-पेन घेऊन बसले होते. हिच्या तोंडून तीच ऐकून मात्र काय बोलावं ते मला सुचेना.

शाळेत पी.टी.चा तास असला की बाई तिला मैदानाकडेच्या लिंबाखाली बसवायच्या. आम्ही खो-खोला जाताना घड्याळं, बांगड्या, पाण्याच्या बाटल्या तिच्यापुढे ठेवायचो. गुण लिहायचं काम तिच्याकडे. बाईंना तिची काळजी होती, आम्हालाही होती, आणि तिनंही कधी तक्रार केली नाही. पण तासभर खेळून लालबुंद चेहऱ्यानं परत आलो की आमच्यात एक वेगळीच भाषा चालायची. कोण कसं पडलं, कुणी हूल दिली, कुणाच्या पोटात कळ आली. त्या भाषेत तिला शिरायला वाट नसायची. तिच्याकडे गुणांची वही असायची. हे सगळं तिनं त्या फोनवर बोलून दाखवलं नाही, माझं मलाच आठवत गेलं. माझ्या आराखड्यातल्या बागेत तसंच एक लिंबाचं झाड होतं.

त्यानंतरचे काही दिवस मी एका प्रश्नावर अडकले होते. कार्यक्रम अवघड ठेवला तर ती बाहेर राहते, सोपा ठेवला तर तिला जे हवंय तेच नाहीसं होतं. उत्तर सापडलं ते या दोन गोष्टी वेगळ्या करून बघितल्यावर. एखादं काम करायला अवघड असणं आणि त्या कामापर्यंत पोचणं अवघड असणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. कळसूबाई घ्या. १६४६ मीटर उंची, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, कड्यांवर लोखंडी शिड्या. तिथे दम लागण्याआधीच वाट काही माणसांना बाहेर काढते. उलट पोहणं. तलावाच्या काठापर्यंत खुर्ची गेली की पुढचं सगळं पाण्यात, आणि पाण्यात हवं तितकं कठीण करता येतं. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आले. ती शर्यत सोपी असेल असं कोण म्हणेल? मी आजवर पोचणं सोपं करायच्या नादात कामच सोपं करत आले होते. खरं तर काम घाम काढणारं ठेवून फक्त पोचण्याची वाट सपाट करायला हवी होती.

एवढं स्पष्ट झाल्यावर शोधाची दिशाच बदलली. कामशेतचं पॅराग्लायडिंग डोक्यात आलं, पण तिथे जोडीनं उडताना उड्डाणाआधी धावावं लागतं आणि वर गेल्यावर पाहुणी नुसती बसून असते, घाम वैमानिकाला. टँडम सायकलचा विचार जास्त वेळ केला. दिव्यांशु गणात्रा हे २०१४ साली एकट्यानं पॅराग्लायडर उडवणारे पहिले अंध भारतीय. पुण्यात त्यांनी उभी केलेली संस्था दिव्यांग आणि इतर अशा जोड्या एकाच टँडमवर बसवून मनालीहून खार्दुंग लापर्यंत घेऊन गेली आहे. पण एका पायात ताकद नसेल तर पेडलची वेगळी व्यवस्था लागते, आणि मावशींचा गुडघा आठ तास खोगिरावर टिकणार नव्हता. मग कयाक. बसून करायचं काम, पायापेक्षा धडाचं आणि खांद्याचं. पॅराकॅनू हा खेळ २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये आला आणि ग्वाल्हेरच्या प्राची यादवनं २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत कयाकमध्ये सुवर्ण मिळवलं. तिच्या शर्यतीचं चित्रण मी बाकमैत्रिणीला पाठवलं. तिचं उत्तर आलं, ‘‘कधी निघायचं?’’

आखणीचं काम मी पूर्वीपेक्षा वेगळ्या रीतीनं केलं. ‘तुला काय जमणार नाही’ हे कुणालाच विचारलं नाही. आठही जणींना, नवरीसकट, तेच प्रश्न पाठवले. कशानं दमायला आवडतं? कशाची भीती वाटते? रात्री झोप कशी लागते, औषधाच्या वेळा कोणत्या, शौचालय कसं हवं? आणि शेवटी, दमल्यावर दुसऱ्या दिवशी काय होतं?

हा शेवटचा प्रश्न मला बाकमैत्रिणीनं घालायला लावला. कुबड्यांवर चालणाऱ्या माणसाचे खांदे आमच्यापेक्षा कितीतरी बळकट असतात, हे मला ठाऊक होतं आणि त्यावरच मी कयाकचा हिशेब मांडला होता. तिनं पुढचं सांगितलं. ‘‘खांदे दुखावले तर तू दुसऱ्या दिवशी हात चोळत बसशील. मी संडासला जाऊ शकणार नाही.’’ ताकद किती आहे हे मोजणं मला येत होतं. ती ताकद खर्च केल्यावर कुणाला काय मोजावं लागतं, हे मी कधीच विचारलं नव्हतं. कार्यक्रमाची लांबी मग तिच्या खांद्यावर ठरली. हळू चालणाऱ्याला पुढे ठेवायचा माझा डोंगरातला नियम इथे आपल्या जागी बसला. कुठे थांबायचं ते त्यानं ठरवावं. काय करायचं ते ठरवायला तो नाही.

जागा ठरली कर्ली नदीची खाडी. मालवणजवळ तारकर्ली-देवबागची चिंचोळी पट्टी आहे, तिच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली. समुद्राच्या बाजूला कुबड्या वाळूत रुततात आणि लाटांमध्ये होडीत बसणं धडधाकट माणसालाही जमत नाही. खाडीच्या बाजूला पाणी शांत आणि उतरायला दगडी जेटी. आता अडचण राहिली ओहोटीची. ओहोटीला पाणी मागे हटतं आणि जेटीखाली गुडघाभर गाळ उघडा पडतो. त्यातून कुबड्या घेऊन जाणं अशक्य, नव्या गुडघ्यानंही अशक्य.

होडीवाल्या काकांना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांनी एका वाक्यात सोडवलं, ‘‘पाणी पायरीक लागाक होया, मगे बसा.’’ भरती पूर्ण झाली की पाणी जेटीच्या वरच्या पायऱ्यांना भिडतं. होडीची बैठक आणि पायरी जवळजवळ एका पातळीला येतात. पायरीवर बसायचं आणि बसल्या बसल्या होडीत सरकायचं. कुणी कुणाला उचलायचं नाही.

मग तारीख काढली ती तिथीवरून. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या. दशमीची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी उन्हाच्या आधी भरलेलं पाणी. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तिला उधाणाचा जोर नसतो, त्यामुळे दशमीलाही खाडीची ओढ सोसवेल इतकी असते. गावागणिक वेळ मागेपुढे होते, म्हणून भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ताडून घेतली. मालवणकडे ती थोडी आधी निघाली. लग्नाचा मुहूर्त काढताना घरात पंचांग उघडलेलंच होतं. पौष शुद्ध दशमी मी त्यातच खूण करून ठेवली.

राहण्याच्या जागेनं मात्र जीव काढला. एका घरमालकांनी फोनवर ‘सगळी सोय आहे’ म्हणून सांगितलं आणि फोटो मागवल्यावर न्हाणीघराला तीन पायऱ्या निघाल्या. त्यानंतर मी प्रत्येकाकडून चित्रफीत मागितली. फाटकापासून कमोडपर्यंत चालत जा आणि मोबाइल खाली धरा, एवढंच सांगत असे. उंबरा केवढा, धरायला भिंत कोणत्या हाताला, ओली फरशी किती निसरडी, हे त्यातून कळतं. लोक समुद्र दिसतो का विचारतात. माझा अनुभव असा, की सहल न्हाणीघरात ठरते. शेवटी जे घर मिळालं तिथल्या वहिनींनी आपणहून आंघोळीसाठी एक जड खुर्ची आणून ठेवली होती. पुण्याहून एका दमात जायचं नाही हेही ठरवलं होतं. कोल्हापूरला मुक्काम केला, म्हणून मावशींचा गुडघा सुजला नाही.

दशमीच्या सकाळी जेटीवर पोचलो तेव्हा धुकं होतं आणि पाणी पायरीला लागलेलं. लाइफ जॅकेट घालून झाल्यावर काकांनी एकेकीचं जॅकेट खांद्याला धरून वर ओढून बघितलं. हनुवटीपर्यंत आलं की ते ढिलं. पट्टे पुन्हा आवळायचे. दम्याचा पंप होडीत ठेवायचा नाही, जलरोधक पिशवीत घालून जॅकेटच्या खिशात ठेवायचा, म्हणजे माणूस पाण्यात पडला तरी पंप त्याच्याबरोबर असतो. बाकमैत्रिणीनं पायरीवर बसून कॅलिपर सोडला. पट्ट्यांचं कातडं वर्षानुवर्षं घासून काळं पडलेलं आणि गुडघ्याच्या सांध्यावर लोखंडी खीळ. खाऱ्या पाण्यानं ती गंजते, म्हणून कॅलिपर कोरड्या पिशवीत घालून काठावर ठेवला. त्या पायावर तिनं जाड लोकरी मोजा चढवला. पोलिओनं स्नायूंची ताकद जाते, स्पर्श शाबूत राहतो. त्या पायाला थंडी आमच्यापेक्षा जास्त बोचते. शाळेपासूनची मैत्रीण, तिचा पाय नेहमी गार असतो हे मला चाळिशीच्या उंबऱ्यावर कळत होतं.

मी तिला काखेत धरायला वाकले. ‘‘धरू नकोस. तू होडी धर, मी येते.’’ दोन्ही तळवे पायरीवर टेकून तिनं अंग उचललं आणि होडीत बसली. मांडीखाली फोमची उशी, पाठीला टेकण. होड्या वरून उघड्या, बसायच्या जागेत पाय अडकणार नाही अशा, आणि दोघींच्या. पुढची लय देते, मागची दिशा देते. मी मागे बसणार असं मी गृहीत धरलं होतं. तिनं मागची जागा घेतली.

वल्हं हातानं मारतात असं काठावरून वाटतं. खरा जोर कमरेच्या पिळातून येतो, आणि ज्या बाजूनं वल्हं ओढायचं त्या बाजूचा पाय रेटा देतो. तिच्या डाव्या पायाला रेटा नव्हता, त्यामुळे आमची होडी सारखी डावीकडे वळायची. दोनदा कांदळवनाच्या मुळांत शिरलो. मग तिनं मागून सांगितलं, ‘‘तू डावीकडचा हात लांब घे, मी उजवीकडचा आखडता घेते.’’ तसं केल्यावर नाक सरळ झालं. त्यानंतर आम्ही बोललो नाही, कारण बोलायला श्वास उरला नव्हता. पुढे नवरीची होडी होती आणि तिला गाठायचं होतं. मागून तिचा धापा टाकण्याचा आवाज येत होता. इतक्या वर्षांत तो मी पहिल्यांदा ऐकला.

श्रवणयंत्रं पाण्यात चालत नाहीत, तीही पिशवीत. म्हणून इशारे वल्ह्याचे ठरवले होते. वल्हं डोक्यावर आडवं धरलं की थांबा, उभं धरलं की पुढे या. कयाकवाले जगभर हेच वापरतात. हे एकीसाठी शिकलो आणि वारा सुटल्यावर कुणालाच कुणाचं ऐकू येईना, तेव्हा पाण्यातल्या सगळ्याच जणी त्यावर चाललो. जेटीची पायरीही तशीच. ती जिच्यासाठी शोधली तिच्यापेक्षा मावशींना जास्त उपयोगी पडली; बदललेल्या गुडघ्यानं खोल होडीतून उठणं हे चालण्यापेक्षा कठीण असतं. बरोबर इंजिनाची एक होडी ठेवली होती, तिचे पैसे वेगळे द्यावे लागले. ते ‘तिच्यासाठी’ म्हणून कुणी बोललं असतं तर बाकमैत्रीण आली नसती, हे मला माहीत होतं. सगळा खर्च सरसकट आठांत वाटला. आणि त्या होडीत आधी बसली ती दम लागलेली ऑफिसातली मैत्रीण, मग मावशी. वळायचं ठिकाण आधीच ठरलं होतं, कांदळवनाचं एक टोक. तिथे पोचल्यावर नवरीला अजून पुढे जायचं होतं. बाकमैत्रिणीनं वल्हं आडवं धरलं. आम्ही वळलो.

पाण्याला घाबरणारी मैत्रीण जेटीवरूनच परत फिरली. जॅकेट घातलं, एक पाय पुढे टाकला आणि नको म्हणाली. तिला कुणी गळ घातली नाही. माझ्या नव्या मताला लोकांचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच असतो, की सगळ्यांनी दमायचं ठरलं की ज्याला नको त्याच्यावर दडपण येतं. आक्षेप खरा आहे. म्हणून प्रत्येक टप्प्यावर परतीची सोय हवी आणि ती वापरणाऱ्याला कारण विचारायचं नाही. ती मैत्रीण काठावर चहा पीत बसली, तिला तेच हवं होतं. शाळेतल्या लिंबाखाली बसणारीला कुणी विचारलं नव्हतं. दोघी काठावरच होत्या, पण माझ्या लेखी या दोन जागा एक नाहीत.

रात्री अंगणात मावशींनी मंगळागौरीचे खेळ काढले. श्रावण नव्हता आणि लग्नही अजून व्हायचं होतं, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. लहानपणापासून पाहिलेले हे खेळ त्या रात्री मला नव्यानं दिसले. उभ्यानं गरगर फिरायची फुगडी, उकिडवं बसून उड्या मारायची बसफुगडी, जमिनीवर अंगाचं मुटकुळं करून लोळायचं, नुसत्या टाळ्यांचा झिम्मा, हातात सूप घेऊन नाचणं. पाय थकलेल्या बाईनं गाणं धरायचं. जिला उठवत नाही तिनं फुगडीला तोंडानं पकवा घालायचा. पाच मिनिटं घालून बघा, छाती भरून येते. यातला कुठलाच खेळ सोपा नाही, आणि तरी सत्तरीची आजी आणि दहा वर्षांची नात एकाच रात्री एकाच अंगणात घामाघूम होतात. बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या खेळून खेळून हे घडवलं आहे आणि मी खाडीपर्यंत जाऊन ते शोधत होते. बाकमैत्रीण सतरंजीवर बसली, कॅलिपर काढून. मावशींनी नवरीला तिच्यासमोर बसवलं, मधे लाटणं उभं धरायला दिलं आणि दोघींनी चार हातांनी ते जात्याच्या खुंट्यासारखं कमरेतून फिरवायचं, वेग वाढवत न्यायचं. हा खेळ कुठल्या यादीत आहे का मला माहीत नाही, मावशींनी जागच्या जागी जुळवला असावा. नवरी सायकल चालवणारी, पायांची ताकद अफाट. ती तीनदा हरली. श्रवणयंत्रवाली मैत्रीण जमिनीला तळवा लावून ठेका पकडत होती आणि तिचा झिम्मा आमच्यापेक्षा नेटका चालला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकमैत्रीण उशिरा उठली. खांदे दुखत होते, पण न्हाणीघरापर्यंत एकटी गेली. न्याहारीला आंबोळ्या होत्या. कुणाची होडी कुठे रुतली, कुणी कुणाला पाणी उडवलं, वळणावर कोण घाबरलं, हे सगळ्या एकदम बोलत होत्या आणि सगळ्यात मोठ्यानं ती बोलत होती.

मत बदललं म्हणजे सगळं सुटलं असं नाही. वैशाखात आमच्यातल्या आणखी एकीचं लग्न आहे आणि या वेळी आखणी बाकमैत्रिणीनं स्वतःकडे घेतली आहे. तिला रायगड करायचा आहे. चौदाशेहून जास्त पायऱ्या चढून जायचं, रात्री वर मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी रोपवेनं खाली. उतरण तिला चढणीपेक्षा घातक, कारण गुडघा अडकवलेला कॅलिपर उतारावर आधी पुढे जातो. तेव्हा १९९६ पासून चालू असलेली रोपवे तिच्या हिशेबात उतरण्यासाठी आहे. हिशेब चोख आहे. माझं म्हणणं, एवढ्या पायऱ्या कुबड्यांवर म्हणजे खाडीतल्या सकाळच्या कितीतरी पट भार खांद्यांवर, आणि वैशाखातलं ऊन. तिचं म्हणणं, पहाटे चारला निघू, दर शंभर पायऱ्यांना थांबू, महादरवाजाच्या आधी परत फिरायचं की नाही ते मी ठरवीन. तिनं आम्हा सगळ्यांना प्रश्न पाठवलेत. दमल्यावर दुसऱ्या दिवशी काय होतं, हा त्यात पहिला आहे. मी अजून उत्तर लिहिलेलं नाही. लग्नाची तारीख पुढे सरकवून ही चढाई पावसाळ्यानंतर थंडीत ठेवता येईल का, ते आधी वैशाखातल्या नवरीला विचारणार आहे.